वगळलेला पाय

एकदा एका मंडळीतली माणसे पाय धुण्याच्या विधीला येताना घरूनच पाय स्वच्छ धुऊन आली. वर वर बघता गोष्ट एवढीच आहे. पण तिच्या पोटात काय काय होते ते ऐकाल तर तुम्हालाही माझ्यासारखा राग येईल. नाही आला, तर मात्र घरी गेल्यावर जरा शांत बसून स्वतःकडे बघा.

विधी कोणता ते आधी सांगतो, कारण वाचणारे सगळेच ख्रिस्ती असतील असे नाही. उत्तम शुक्रवारी प्रभू येशूला वधस्तंभावर दिले. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने कमरेला पंचा बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. त्याची आठवण म्हणून त्या पवित्र गुरुवारी बारा माणसांना वेदीपुढे बाकावर बसवतात आणि पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, गुडघे टेकून त्यांचे पाय धुतो. ज्याला सगळे मान देतात त्याने खाली बसायचे आणि ज्याच्याकडे एरवी कोणी बघत नाही त्याने वर बसायचे, असा त्याचा अर्थ. वर्षातून एकदाच, तेही तासाभरापुरते. तेवढेसुद्धा आपल्याला नीट जमत नाही.

ही मंडळी एका तालुक्याच्या गावची. तिथल्या वृद्ध पाळकांचे केस त्याच वेदीपुढे पांढरे झाले होते. लोक त्यांना नुसते बाबा म्हणत. त्यांचे नाव मी सांगत नाही, त्यांच्या शिष्याचेही नाही, आणि पुढे एक व्यापारी येईल त्याचेही नाही. हे तिघे कुठल्याही मंडळीत सापडतील. नाव एकाचेच सांगतो, कारण ते गाळले गेले तिथेच सगळे बिघडले. त्याचे नाव शांतवन.

शांतवन वीटभट्टीवर चिखल तुडवत असे. माती, राख आणि भुसा पाण्यात कालवायचा आणि लोण्यासारखा मऊ होईपर्यंत पायांनी तुडवायचा. मग त्याच्या विटा पाडायच्या. ऐन थंडीत पहाटेपासून पाय त्या गार चिखलात. त्याच्या टाचांच्या भेगांत बोट गेले असते. भट्टीचा मालक म्हणजेच आपला व्यापारी, तोही याच मंडळीचा. जुने चर्च पडायला आले तेव्हा नव्या इमारतीला लागणाऱ्या सगळ्या विटा त्याने दिल्या. दाराशी संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर त्याचे नाव आहे. त्या विटांचा चिखल कोणी तुडवला हे पाटीवर लिहिलेले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

शांतवनाला मूलबाळ नव्हते. थोरला भाऊ आणि भावजय लागोपाठ गेले, तेव्हा त्यांचे पोरके लेकरू त्याने आणि त्याच्या बायकोने घरी आणले. ते लेकरू म्हणजे आपला शिष्य. चुलत्याने त्याला शाळेत घातले, बोर्डिंगात ठेवले, पुढे पाळकपणाच्या शिक्षणाला पाठवले. लहानपणी थंडीत पोरगा शाळेला निघाला की चुलता चुलीवरचे कोमट पाणी घेऊन त्याचे पाय धुवायचा, कोरडे करायचा, आणि मग स्वतः जाऊन चिखलात उतरायचा. पोरगा शिकून आला आणि पांढरा झगा घालून बाबांच्या हाताखाली उपपाळक झाला. त्या दिवशी शांतवनाला काय वाटले ते त्याने कोणाला सांगितले नाही. पुढच्या रविवारी तो आपल्या नेहमीच्या मागच्या बाकावर येऊन बसला.

बाबांचा एक शिरस्ता होता. पवित्र गुरुवारच्या बारा जणांत शांतवन असायचाच, आणि पाणी कोमट असायचे. त्यासाठी चर्चच्या पडवीत चूल मांडायचे. भट्टीवरच्या माणसाच्या भेगांना गार पाणी झोंबते, एवढे बाबांना त्याचे पाय धुता धुता कळले होते.

पुढे बाबांचे गुडघे धरले आणि उपासनेची सगळी व्यवस्था शिष्याकडे आली. मुलगा वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही त्याला लगेच खलनायक करून मोकळे व्हाल आणि स्वतः सुटाल. त्याला मनापासून वाटे की देवाच्या घरी सगळे सुंदर असावे. त्याने गायनमंडळ उभे केले, वेदीला पांढरे पडदे लावले. पडवीतल्या चुलीच्या धुराने पडदे काळवंडतील म्हणून चूल बंद केली आणि पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या घालायची पद्धत आणली. पाणी गार, पण दिसायला फार छान. व्यापाऱ्याने चांदीचा मुलामा दिलेले घंगाळ भेट दिले. त्या वर्षी तर बाहेरगावचे पाहुणे यायचे होते आणि व्हिडिओवालाही सांगून ठेवला होता.

त्याच वर्षी शांतवनाचा उजवा पाय बिघडला. शुगर होतीच, त्यात तळव्याला भट्टीवर काहीतरी लागले, जखम भरेना, बोटे काळी पडत गेली. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. दिवस ठरला शनिवारचा, म्हणजे पवित्र गुरुवार आणि ईस्टर यांच्या मधलाच. बाबा भेटायला गेले तेव्हा शांतवन रडला नाही. तो एवढेच म्हणाला की पाय जायचाच आहे तर जाऊ दे, पण जाण्याआधी एकदा देवाच्या घरी धुतला जावा, मग त्याची काही तक्रार नाही. बाबांनी मान हलवली. यात अवघड असे त्यांना काहीच दिसले नाही.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, उपासना संपल्यावर शिष्य चुलत्याच्या घरी गेला. गुरुवारच्या बारा जणांची निवड करायची होती, तीही आता त्याच्याकडेच होती. चुलता बाजेवर बसला होता. पायाला फडके गुंडाळले होते, आणि वास होता. खोटे कशाला बोला, वास होताच. शिष्याने फार गोड शब्दांत सांगितले.

"काका, या वर्षी राहू द्या. जरा वास येतो. समोरच पाहुणे बसणार, त्यांना त्रास नको. ऑपरेशन होऊन बरे झालात की पुढच्या वर्षी तुम्हालाच पहिले बसवतो."

शांतवन म्हणाला, "बरं."

चुलती चुलीपाशी होती. तिने वळून बघितले आणि विचारले, "पुढच्या वर्षी कोणता पाय धुशील रे?"

शिष्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. गायनमंडळाची तालीम होती, त्याला घाई होती. चुलत्याच्या जागी त्याने व्यापाऱ्याच्या जावयाला घेतले.

आता गुरुवार. चर्च भरले होते, पडदे पांढरेशुभ्र होते, घंगाळ दिव्यांत चमकत होते. वेदीपुढच्या बाकावर बारा जण ओळीने बसले. व्यापारी, त्याचा जावई, एक डॉक्टर, शाळेचे मुख्याध्यापक, आणि असेच बाकीचे वजनदार लोक. सगळ्यांनी नवे मोजे घातले होते. घरी प्रत्येकाने वजरीने टाचा घासल्या होत्या. जावई तर म्हणे पार्लरमध्ये जाऊन नखे करून आला होता. पाळकाच्या हातात मळका पाय द्यायची लाज वाटते, हे मी समजू शकतो. पण बारापैकी एकालाही असे वाटू नये का, की मग आपण इथे बसलोय कशाला?

गुडघे दुखत असले तरी पाय धुण्याचे काम बाबांनी कोणाला दिले नव्हते. ते पंचा बांधून, बाकाला धरून हळूहळू खाली बसले. शिष्य घंगाळ घेऊन शेजारी उभा राहिला. बाबांनी व्यापाऱ्याचा पाय हातात घेतला. पाणी घातले नाही. बाजारात खरबूज फिरवून बघतात तसा तो पाय त्यांनी खालून, वरून बघितला, मग नाकाजवळ नेला.

पावडर लावली आहे का, असे त्यांनी विचारले. व्यापारी ओशाळला, पण होय म्हणाला.

बाबा पुढे सरकले. दुसरा पाय बघितला, तिसरा बघितला. गुडघ्यांवर सरपटत ते ओळीच्या शेवटापर्यंत गेले आणि एकाही पायावर पाण्याचा थेंब घातला नाही. गायनमंडळ गात होते. शेवटी बाबांनी मान वर करून शिष्याला विचारले की शांतवन कुठे आहे. शिष्य वाकून त्यांच्या कानाशी कुजबुजला की काकांची तब्येत बरी नाही, म्हणून या वर्षी त्यांना त्रास दिला नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्याने शिष्याचा चेहरा उतरला.

मग बाबा उठले, शिष्याच्या हातातून घंगाळ काढून घेतले, पोटाशी धरले आणि मधल्या वाटेने चर्चबाहेर चालू लागले.

घंगाळ जड होते. पाणी हिंदकळून त्यांच्या झग्यावर, फरशीवर सांडत होते, पाकळ्या वाटेवर पडत होत्या. गायनमंडळाला कोणी थांबायला सांगितले नाही म्हणून ते गातच राहिले. बाक कुरकुरले, लोक माना वळवून बघू लागले. म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे व्यापारी शेजारी बसलेल्या जावयाला म्हणाला. बारा जण उघड्या पायांनी तसेच बसून राहिले, कारण मोजे घालावेत की नाही हेच त्यांना कळेना.

शिष्य धावत बाहेर आला. रस्त्यावर अजून उजेड होता. त्याने बाबांना गाठले आणि लोक बसलेत, पाहुणे बसलेत, असे विनवून सांगितले. बाबा थांबले नाहीत. घंगाळ त्यांच्या हातातून निसटू लागले होते. शेवटी शिष्यालाच बघवेना, तो म्हणाला द्या इकडे, आणि त्यांनी ते ओझे मुकाट्याने त्याच्या हातात दिले. भट्टीकडे, म्हणजे चुलत्याच्या घराकडे जाणारे वळण आले तेव्हा आपण कुठे चाललो आहोत हे त्याला कळले आणि तो थबकला.

"बाबा, मी हे सगळं देवासाठीच केलं," तो म्हणाला. "त्याची आराधना सुंदर व्हावी म्हणून. काकांनाही म्हणूनच राहू द्या म्हणालो, वास येत होता."

बाबा वळले. रागाने त्यांचा आवाज उलट खाली गेला होता.

"देवासाठी? देवाने मागितले होते का पडदे? तुझ्या चुलत्याने एक गोष्ट मागितली होती. पाय कापून टाकण्याआधी एकदा धुऊन द्या म्हणाला. या गावात या आठवड्यात देवाने आपल्याकडे काही मागितले असेल तर ते एवढेच, आणि तू त्याला सांगितलेस की वास येतो. धुतलेल्या पायांवर पाणी घालायला मला वेदीपुढे बसवतोस? त्याला नाटक म्हणतात. चांगले बसवले आहेस, पण देव काही तिकीट काढून आलेला नाही. लेकरा, गाणे आणि गुडघे टेकणे म्हणजे आराधनेची तयारी. ज्याच्यापुढे वाकायला आपल्याला नको वाटते त्याच्यापुढे वाकावे लागते आणि तिथे देव आहे हे कळून वाकावे लागते, तेव्हा आराधना होते. तू वाकायची जागाच साफ करून ठेवलीस. चल आता, पाणी सांडू नकोस."

दोघे चालू लागले.

शांतवन अंगणात बाजेवर बसला होता. त्याने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, डोक्याला टोपी होती. चर्चची घंटा ऐकल्यापासून असाच बसलाय, असे चुलतीने सांगितले. बोलावणे येणार नाही हे त्याला माहीत होते, तरीही त्याने कपडे केले होते. शिष्याने घंगाळ खाली ठेवले, झगा आवरला आणि चुलत्यापुढे गुडघे टेकले. फडक्याला हात लावला.

शांतवनाने पाय वर ओढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या, पाळकसाहेब," तो म्हणाला. "वास येतो."

लहानपणापासून ज्याला पोरा म्हणून हाक मारली त्याला तो पाळकसाहेब म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला विचाराल तर राग असता तर बरे झाले असते, रागावलेल्या माणसाची समजूत तरी घालता येते. शिष्य रडू लागला, काका काका म्हणत राहिला. शांतवन घंगाळाकडे बघत होता.

"चांदीचं भांडं हाय. खराब व्हईल," तो म्हणाला.

शिष्याने बाबांकडे बघितले. बाबा पुढे होऊ लागले, पण शांतवनाने त्यांनाही हात जोडले. बाबा, तुम्ही दरवर्षी धुतला, तुमच्याकडनं काय बी राहिलं न्हाई, असे तो म्हणाला. मग काठी धरून उठला आणि लंगडत घरात गेला. आतून बाज ओढल्याचा आवाज आला.

चुलतीने घंगाळ उचलले, पाकळ्यांसकट सगळे पाणी अंगणातल्या शेवग्याच्या बुंध्याशी ओतले आणि रिकामे भांडे शिष्याच्या हातात दिले. उन्हाळ्याचं पाणी वाया कशाला घालवायचं, एवढेच ती म्हणाली.

गुरू आणि शिष्य रिकामे घंगाळ घेऊन परतले. चर्चमधले निम्मे लोक निघून गेले होते. व्यापारी दारात उभा होता, पायांत बूट होते. त्याने बाबांना सुनावले की तुमचे वय झाले आहे, आता घरी बसा. बाबांनी ते ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार होता. शिष्याने वधस्तंभावर प्रवचन केले आणि लोक म्हणाले की फार हृदयस्पर्शी झाले. चांगले प्रवचन ऐकले की आपण लवकर माफ करतो.

शनिवारी सकाळी पाय काढला. दवाखान्याच्या व्हरांड्यात चुलती, शिष्य आणि बाबा बसले होते. दुपारी आतला कामगार प्लॅस्टिकची जाड पिशवी घेऊन बाहेर आला आणि पाय तुम्ही नेणार, की इथेच विल्हेवाट लावायची, असे त्याने विचारले. रोजचा प्रश्न असल्यासारखे त्याने विचारले, आणि त्याच्यासाठी तो रोजचाच होता.

"विल्हेवाट कसली?" चुलती म्हणाली. "चर्च उभं हाय त्या पायावर. आपल्या कबरस्तानात पुरायचा."

तिने शिष्याकडे बघितले नाही. पण पिशवी कोणी घ्यायची हे न बोलता ठरले होते. त्याने ती दोन्ही हातांवर घेतली. एका पायाला एवढे वजन असते, हे त्याला माहीत नव्हते. लहानपणी चुलत्याने त्याला खांद्यावर घेतले तेव्हा जत्रेच्या गर्दीत तोच पाय चालला होता, चिखलात उतरला होता, बोर्डिंगात सोडायला आला होता.

कबरस्तानात खड्डा खणून तयार होता. बाबा आधीच जाऊन एका दगडावर बसले होते. शिष्याला यायला उशीर झाला, कारण तो वाटेत चुलत्याच्या घरी गेला होता. त्याने चूल पेटवली, पातेल्यात पाणी कोमट केले आणि पातेले फडक्यात धरून, पिशवी खांद्याला लावून, चालत आला. कबर खणणाऱ्या माणसाने पाण्यात बोट घालून बघितले आणि तो चकित झाला. तोडलेल्या पायाला गार काय आन् गरम काय, असे तो म्हणाला. शिष्य जमिनीवर बसला आणि त्याने पिशवी उघडली.

वास आला. तो उठून भिंतीपाशी गेला, ओकला, तोंड पुसून परत आला. मग त्याने पाय मांडीवर घेतला आणि धुवायला लागला. काळी बोटे, जखम, घोटा. टाचेच्या भेगांत जुन्या चिखलाच्या रेघा होत्या, तांबूस, वर्षानुवर्षे तिथेच बसलेल्या. त्या बोटाने कितीही चोळल्या तरी निघेनात. पाणी संपत आले तेव्हा त्याने त्या तशाच राहू दिल्या. आपल्या पंच्याने त्याने पाय कोरडा केला, बोटांच्या मधूनही पुसला, लहानपणी चुलता पुसायचा तसा.

मग त्याने विचारले, "बाबा, ही तरी आराधना झाली का?"

बाबा धीर देतील असे तुम्हाला वाटत असेल. त्यालाही तसेच वाटले होते.

"हिला काही नाव देऊ नकोस," बाबा म्हणाले. "ज्याला ती हवी होती तो दवाखान्यात झोपला आहे, आणि त्याला हे पाणी लागलेले नाही. तू शिकलास, एवढे खरे. पण एवढेसे शिकायला तुला कापलेला पाय लागला, हे वेदीपुढे उभा राहशील तेव्हा विसरू नकोस. आणि मीही विसरणार नाही. तुला मीच शिकवले आहे."

दोघांनी मिळून माती लोटली.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. व्यापाऱ्याने घंगाळ परत मागवून घेतले आणि तो जावयासह शेजारच्या गावच्या मंडळीत जाऊ लागला. तिथे आता फार सुंदर उपासना होते असे ऐकतो. इकडे सकाळी पुनरुत्थानाची घंटा वाजली, गायनमंडळ तयार होऊन उभे राहिले, आणि उपपाळक जागेवर नव्हता. बाबांनी थकल्या आवाजात, एकट्याने, उपासना चालवली.

शिष्य दवाखान्यात चुलत्याच्या खाटेपाशी स्टुलावर बसला होता. घंटेचा आवाज खिडकीतून येत होता. चुलती रात्रभर जागून कोपऱ्यात लवंडली होती. शांतवनाने डोळे उघडले, चादरीखाली जिथे काही नव्हते तिकडे बघितले, आणि विचारले, "कुठं ठिवला?"

"कबरस्तानात, काका. धुऊन पुरला."

"गार पाण्यानं?"

"कोमट."

शांतवन छताकडे बघत राहिला. बाहेर घंटा थांबली. मग तो म्हणाला, "मला न्हाई कळलं. बेस्तरवारी कळलं असतं."

याआधी शिष्याने काहीतरी शास्त्रातले सांगितले असते. तो नुसता बसून राहिला. हातात हात घ्यायचाही त्याला धीर झाला नाही. वॉर्डात कोणीतरी खोकत होते, एक परिचारिका येऊन सलाईन बघून गेली. ऊन खाटेच्या पायापर्यंत आले.

बऱ्याच वेळाने चादर हलली. शांतवनाने आपला डावा पाय, उरलेला, हळूहळू बाहेर काढला आणि खाटेच्या कडेला ठेवला. आदल्या दिवसापासून पडून राहिल्याने तो मळला होता.

"पोरा," तो म्हणाला, "ह्याला बी भेगा हायेत."

शिष्य उठला. वॉर्डात कोमट पाणी कुठे मिळते हे त्याला माहीत नव्हते. तो एकेकाला विचारत गेला.